आवक क्रमांक दोनशे सतरा

देव मानणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात एक ठरलेलं सुख असतं. तो चिडतो, किंवा रडकुंडीला येतो, किंवा 'अनुभव आला की कळेल तुम्हाला' असं म्हणून उठून जातो. तिन्हीत आपणच जिंकतो. मी अमळनेरहून सुरतेला सरकारी नोकरीत आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि असे पुष्कळ वाद जिंकून आलो होतो. भाऊंनी मात्र मला हे सुख एकदाही मिळू दिलं नाही. ते सगळं शांतपणे ऐकून घेत, "बराबर आहे तुमचं" म्हणत, आणि वर म्हणत, "लिहून द्या ने. आवक करून घेतो."

अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकलं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

भाऊंचं नाव सांगत नाही. सांगून फायदाही नाही, कचेरीत ते कोणी घेतच नसे. सुरतेत मराठी माणूस दिसला की तो 'भाऊ'. आमच्या नानपुऱ्यातल्या कचेरीत आम्ही चौघे मराठी होतो. पण वयाने आणि टकलाने ते मोठे, म्हणून ती पदवी त्यांच्याकडे गेली आणि बाकीचे आम्ही आडनावांवर राहिलो. घराणं आजोबांपासून गायकवाडीतलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता ते कधी गुजरातीत शिरत आणि कधी परत येत हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. लग्न केलेलं नव्हतं. गोपीपुऱ्यात दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, अक्का, असे दोघेच राहत. अंगाने काटकुळे, खांद्याला छत्री अडकवलेली, आणि शनिवारी पायात चप्पल नाही. अनवाणी का, असं विचारलं की म्हणत, "मारुतीला विचारा. मला हुकूम आहे, कारण नाही."

त्यांचं टेबल दाराशी. काम आवक-जावकचं. म्हणजे कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, नोंदवहीत ओळ लिहायची, आणणाऱ्याला पोच द्यायची, आणि मग तो कागद ज्याचा त्याच्याकडे पाठवायचा. आमच्याकडे हे काम नावडत्या माणसाला देत. भाऊंनी ते मागून घेतलं होतं आणि बढती चालून आली तेव्हा तीही नाकारली होती. "कागद आला ह्याची नोंद झाली पाहिजे. बाकी सगळं मागून होतं," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या टेबलावरून कागद हरवला असं कधी झालं नाही, हे मी चिडूनसुद्धा कबूल करतो.

इथपर्यंत ठीक होतं. पण ह्या गृहस्थाने देवाचंही आवक-जावक उघडलं होतं. टेबलाच्या खालच्या खणात लाल कापडी बांधणीची एक जाड वही असे, पदरच्या पैशाने आणलेली. तिच्यासाठी दौत-टाकही निराळा, कारण देवाच्या कामाला सरकारी शाई वापरणं त्यांना पटत नसे. देवाविरुद्ध, देवळाविरुद्ध, पोथीविरुद्ध कोणी काही बोललं की ते कागद मागत. एका अर्जात एकच बाब. डावीकडे समास. वर विषय. मग त्यावर नंबर पडे, पोच मिळे, आणि कधी आठवड्याने तर कधी सहा महिन्यांनी लेखी उत्तर येई. स्तुतीचे अर्ज ते घेत नसत. कचेरीतल्या एका कारकुनाने अंबामातेच्या कृपेने बायकोचं दुखणं बरं झाल्याचं भक्तिभावाने लिहून दिलं, तर ते परत केलं. "ही तक्रार नाही. इथे फक्त तक्रारी."

पहिल्याच महिन्यात मी माझा कागद दिला. एका ओळीचा, पण माझ्या मते बिनतोड. 'देव मानणारी सगळी माणसे भित्री असतात.' दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर परत. वर तांबड्या शाईत शेरा : 'सगळी म्हणजे कोण? नावांची यादी जोडावी. यादीतील माणसे अर्जदाराने स्वतः पाहिलेली असावीत.'

मी हसत हसत यादी करायला बसलो. पहिलं नाव आईचं घातलं, कारण वर्षाला ऐंशी उपास करणारी दुसरी बाई मला माहीत नव्हती. मग आठवलं, वडील गेल्यावर शेताच्या तुकड्यासाठी अंगणात आलेल्या चार भाऊबंदांना ह्याच बाईने हातात मुसळ घेऊन वाटेला लावलं होतं. नाव खोडलं. मामा भित्रा होता यात शंका नाही, पण तो देव मानत नव्हता. संध्याकाळपर्यंत यादीवर एका घरमालकाचं नाव उरलं, आणि तो भित्रा होता की नुसताच कंजूष, हे मला नक्की सांगता येईना. मी कागद फाडून टाकला. भाऊंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "यादी?" मी म्हटलं, "अर्ज मागे घेतो." तर त्याचीही नोंद केली.

माझ्या शेजारच्या टेबलावर देसाई बसे. तो पक्का नास्तिक, आणि नास्तिकपणाचा त्याला भारी हुरूप. त्याच्या नव्या कोऱ्या चपला देवळाबाहेरून चोरीला गेल्या (बायकोला सोडायला गेलो होतो, असं तो शपथेवर सांगे). त्याने भाऊंना गुजरातीत दोन पानी अर्ज दिला. स्वतःच्या दारातल्या चपला ज्याला सांभाळता येत नाहीत तो जग काय सांभाळणार, असा सवाल. तीन महिन्यांनी उत्तर आलं : 'चौकशी केली. चपला देवाच्या ताब्यात दिल्याची पोच आढळत नाही. सबब जबाबदारी येत नाही. निकाली.'

देसाई चिडून माझ्याकडे आला. "जोयुं? आ माणस साथे वात केम करवी?" बोलायचं कसं ह्या माणसाशी, हेच मीही त्याला विचारणार होतो.

मी एकदा लिहिलं, 'आपल्या शनिवारच्या उपासाने आजवर कोणाचे काय भले झाले?' उत्तर चार दिवसांत : 'कोणाचेही नाही. आक्षेप मान्य. उपास चालू.' आता ह्याच्यावर काय म्हणायचं! आक्षेप मान्य केला तर माणसाने बदलायला नको? मी तसं तोंडावर विचारलं. भाऊ बशीत चहा ओतत होते. तीन चमचे साखरेशिवाय त्यांना चहा चालत नसे. म्हणाले, "आपण किती वेळा लिहिलं की छप्पर गळतं? मोठ्या साहेबांनी मान्यही केलं. छप्पर गळतंय ने अजून? मान्य करणं निराळं, आणि साहेब निराळा."

"पण तुमचा साहेब आहे कशावरून? कोणी पाहिलाय?"

"आपले मोठे साहेब अहमदाबादला बसतात. तुम्ही पाहिलेत?"

"त्यांची सही येते!"

"येते," ते म्हणाले, "पण आपल्या कागदावर नाही येत. दुसऱ्यांच्यावर येते. माझं तसंच आहे." आणि बशी तोंडाला लावली.

हे असं. हरल्यासारखं बोलायचे आणि हरायचे नाहीत. शनिवारी मात्र दुपारी ते पितळेचा डबा घेऊन टेबलाटेबलाशी फिरत. मारुतीपुढचा प्रसाद, खोबरं आणि साखर. देसाई म्हणे, देवावर माझा विश्वास नाही, खोबऱ्यावर आहे. मीही दोनदा घेई. भाऊंचा हात साखरेला सढळ होता.

त्यांची यादी फक्त आमच्यासाठी नव्हती, हे सांगायला हवं. ज्या वर्षी तापीला रेल आली (सुरतेत पुराला रेलच म्हणतात) त्या वर्षीची गोष्ट. पाणी उतरल्यावर मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये कीर्तन ठेवलं होतं. बाहेरगावचे बुवा. पूर्वरंगातच त्यांनी सांगून टाकलं की, शहरात नास्तिक माजले म्हणून तापीमाई कोपली. लोकांनी माना डोलावल्या. मी उठून जाणार, तेवढ्यात मागून भाऊ उभे राहिले.

"बुवा, नास्तिक म्हणजे कोण कोण? यादी आहे?"

बुवा टाळ धरून थांबले. "अहो, यादी कशाला? सगळ्यांना ठाऊक आहे."

"नाही, मी मोजून आलोय. आमच्या कचेरीत एक देसाई आहे. पक्का नास्तिक. त्याच्या घरात पाणी गुडघाभर. आमच्या मारुतीच्या देवळात कमरेइतकं. मग यादीत मारुतीला कितवा धरायचा?"

लोक हसले, बुवा संतापले, दोघातिघांनी भाऊंना दंडाला धरून खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी देसाईने त्यांना कचेरीत मिठी मारली. "भाऊ, तमे अमारा!" भाऊंनी त्याला दूर सारलं. "मी कोणाचा नाही. बुवाचा अर्ज अपुरा होता, इतकंच."

तो आठवडा मला नीट आठवतो, कारण त्यानंतरचं सगळं मला विसरायचं होतं.

पाणी उतरलं, चिखल राहिला, आणि चिखलामागून ताप आला. आमची कुंदा पाच वर्षांची होती. शाळेत घालून दोन महिने झाले होते. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, नवव्या दिवशी ती गेली. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही. बोलता तर तेव्हाही येत नव्हतं.

माणसं आली. ज्यांनी त्यांनी आपापली उत्तरं आणली होती. मावशी म्हणाली, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. शेजारच्या आजी म्हणाल्या, मागच्या जन्मीचं काही राहिलं असेल, ते फेडून गेली. ही भाविकांची उत्तरं. देसाई आला, माझा हात धरून रडला, आणि उठताना म्हणाला, पाणी उकळून प्यायला हवं होतं. हे नास्तिकाचं उत्तर, आणि ते बरोबर होतं. आम्ही पाणी उकळत होतो. पण दोन दिवस रॉकेल मिळालं नव्हतं, आणि ते दोन दिवस माझी बायको आजतागायत मोजते आहे. त्या क्षणी मला मावशी आणि देसाई यांत काडीचा फरक दिसला नाही. दोघांनाही घाईघाईने प्रकरण बंद करायचं होतं.

भाऊ आले ते दाराशीच बसले. तासभर बसून काही न बोलता गेले.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेलो. भाऊ शिक्के मारत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि परत शिक्का उचलला. मला त्या शिक्क्याच्या आवाजाचा भयंकर संताप आला. हा माणूस इतकी वर्षं माझे प्रश्न नंबर घालून घेतो, मग आता घे म्हणावं. मी टेबलावरचा कुठलातरी पाठकोरा कागद ओढला, लिहिलं, 'माझी मुलगी पाच वर्षांची होती. तिने काय केलं होतं?' आणि त्यांच्यापुढे टाकला.

"करा आवक!"

सगळी कचेरी थांबली. समास नव्हता, विषय नव्हता, माझं अक्षरही माझं वाटत नव्हतं. मला खातरी होती, ते परत करतील. मग मी टेबल उलथून टाकणार होतो. त्यांनी कागद दोनदा वाचला. खालच्या खणातून लाल वही काढली. विषयाची जागा स्वतःच भरली. नंबर पडला दोनशे सतरा. पोच लिहून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आला कागद."

मला त्यांच्याकडून दोनांपैकी एक हवं होतं. त्यांनी एकतर उत्तर द्यावं, नाहीतर देव-बिव काही नाही हे कबूल करावं. दुसरं मला जास्त हवं होतं. त्या दिवसांत मी सकाळी उठायचो ते ह्याच आशेवर, की आज म्हातारा माझ्यापुढे मोडेल. आठवडा गेला, सहा महिने गेले. चपलांचं उत्तर तीन महिन्यांत देणारा माणूस माझ्या कागदावर गप्प.

वर्ष झालं. कुंदा गेली त्या तारखेला शिपायाने पोच-वही पुढे केली, मी सही केली, आणि चिठ्ठी उघडली. 'आपला आवक क्र. २१७. विषय : कु. कुंदा हिच्या मृत्यूबाबत. सदर प्रकरण वरिष्ठांकडे विचाराधीन आहे. स्मरणपत्र पाठविले आहे.'

मी ती चिठ्ठी फाडली, दाराशी गेलो, आणि सर्वांसमोर ओरडलो, "थट्टा वाटते तुम्हाला? सरळ लिहा ना, उत्तर नाही म्हणून!"

भाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. पण म्हणाले तेच जे त्यांना म्हणायचं होतं. "उत्तर नाही असं नाही लिहिता येत मला. उत्तर आलेलं नाही, इतकंच लिहिता येतं."

"फरक काय दोन्हीत?"

"एकात फाईल बंद होते."

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते चांगलं दोन वर्षं टिकलं. एका खोलीत, पंधरा पावलांवर. चिठ्ठी मात्र दरवर्षी त्या तारखेला येई. तोच नंबर, तोच विषय, विचाराधीन, स्मरणपत्र. दुसरी चिठ्ठी मी खिशात कोंबून घरी नेली आणि केराच्या डब्यात टाकली. सकाळी पाहतो तर बायकोने ती काढून, चुरगळलेली सरळ करून, कपड्यांच्या ट्रंकेत ठेवली होती. आम्ही दोघं कुंदाचं नाव घेत नव्हतो. नातेवाईक तर जपून जपून बोलत, जणू ती झालीच नव्हती. तिसऱ्या वर्षी त्या दिवशी मी घरात पाऊल टाकलं आणि बायको म्हणाली, "आज काही आलं का?" मी चिठ्ठी दिली. तिने विषयाची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि ट्रंकेशी गेली. त्या म्हाताऱ्याचा मला राग होता तो होताच. पण वर्षातून एक दिवस आमच्या पोरीचं नाव स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं आमच्या घरात येत होतं, आणि ते दुसरं कोणीही लिहीत नव्हतं.

ह्याच दरम्यान कधीतरी शनिवारच्या डब्यातून साखर गेली. नुसतं खोबरं. कधीपासून, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी बरेच महिने प्रसादाला हात लावत नव्हतो. देसाईनेच एकदा तोंड वाकडं करून दाखवलं. साखर रेशनवर होती, हे खरं. पण भाऊंच्या चहात तीन चमचे पडतच होते. म्हणजे देवाची बंद आणि स्वतःची चालू! मग एकदा चांदनी पडव्याला, सुरत सगळी घारी (माव्याची, तुपात बुडवलेली मिठाई) खाते त्या दिवशी, एका कागदावर त्यांची सही हवी म्हणून मी गोपीपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. भाऊ पाटावर बसून घारी खात होते. दुसरी, कारण पहिलीचं तूप बोटांवर होतं. मागे देवघरात मारुतीपुढे वाटीत नुसतं दूध. आपल्या घरात गोडाचा पहिला घास देवाला जातो, हे माझ्यासारख्या नास्तिकालाही ठाऊक आहे. मी अक्कांकडे पाहिलं तर त्यांनी नजर फिरवली.

मला असा आनंद झाला! इतक्या वर्षांनी म्हातारा सापडला होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी जाहीर केलं, "भाविक माणसाची काटकसर देवापासून सुरू होते." वाक्य सगळ्यांना आवडलं. देसाईने ते गुजरातीत करून कोषागारापर्यंत पोचवलं. भाऊंच्या कानावर गेलंच. ते माझ्या टेबलाशी आले. "भाविक माणसाची म्हणजे कोणाची? यादी जोडा ने."

ह्या वेळी यादी माझ्याकडे तयार होती. मी समास सोडून, विषय घालून, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, आणि यादीत एकच नाव घातलं. त्यांचं. त्यांनी वाचलं. मान हलवली. "ह्या वेळी अर्ज नीट आहे," म्हणाले, आणि नंबर घालून पोच दिली. ह्याचंही उत्तर आलं नाही. मी समजलो, म्हाताऱ्याकडे उत्तर उरलं नाही.

पुढे ते सेवानिवृत्त झाले. निरोपसमारंभात मी भाषण केलं नाही. लाल वही बगलेत मारून, छत्री खांद्याला अडकवून ते निघून गेले, आणि दाराशी जो नवा माणूस बसला त्याने पहिल्याच महिन्यात तीन कागद हरवले. त्या तारखेला आता पोस्टकार्ड येऊ लागलं. अक्षर दरसाल थोडं जास्त हलत होतं. नंबर तोच.

मग एका वर्षी हिवाळ्यात, पोंक (आपला हुरडा) खायच्या दिवसांत, ते गेल्याचं कळलं. कळलं तेही अकराव्या दिवशी. तेराव्याला मी आणि बायको गोपीपुऱ्यात गेलो. चार-सहा माणसं जेवायला बोलावलेली. अक्का चुलीपाशी होत्या. मला पाहून त्यांनी हात पुसले, आतून लाल वही आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुझं नाव फार वेळा आहे ह्यात. बघ तूच."

मी बघायला नको होतं असं मला पुष्कळदा वाटतं.

आधी माझ्या काटकसरीच्या अर्जाची ओळ सापडली. 'आक्षेप : भाविक माणसाची काटकसर देवापासून सुरू होते. यादीत नाव एक.' पुढे कार्यवाहीच्या रकान्यात : 'नाव बरोबर आहे. कारणासाठी पाहा क्र. २१७.'

मी मागे पानं उलटली. दोनशे सतराच्या ओळीला जागा पुरली नव्हती. तिथे वेगळा कागद डकवला होता, तोही भरून दुसरा डकवला होता. पहिली नोंद मी कागद फेकला त्या दिवसाची : 'अर्ज वरिष्ठांकडे सादर. प्रश्न रास्त आहे. उत्तर येईपर्यंत नैवेद्याची साखर बंद.' मग त्याखाली ओळीने स्मरणपत्र पहिले, स्मरणपत्र दुसरे, स्मरणपत्र तिसरे. प्रत्येकासमोर कुंदाची तारीख. एका ठिकाणी बारीक अक्षरात, 'चांदनी पडवा. घारी दाखविली नाही. अर्जदार पाहून गेले.' शेवटची नोंद गेल्या पावसाळ्यातली, अक्षर लागत नव्हतं, पण 'उत्तर नाही' असं तिथे लिहिलेलं नव्हतं. 'उत्तर आलेले नाही' असं होतं.

मला त्या माणसाचा पुन्हा तसाच संताप आला, आणि ह्या वेळी संतापाबरोबर रडूही आलं. नऊ वर्षं! सांगायला काय झालं होतं? एक शब्द, एकदा तरी! मी गावभर त्यांना कंजूष म्हणत फिरलो आणि हा माणूस ते निमूटपणे आवक करून घेत राहिला. ज्या देवापुढे रोज हात जोडायचे त्याच्याशीच माझ्या पोरीसाठी भांडत राहिला, तेही पुन्हा समास सोडून. बायको माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने पदराने वहीवरचं पाणी टिपलं, शाई फुटू नये म्हणून.

"अक्का, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला नाही तर कोणाला? मीच स्वयंपाक करते ने. मी म्हटलं, अरे, देवाशी असं करतात का? तर म्हणाला, मी पूजा कुठे बंद केलीय? साखर बंद केलीय. त्याला कळू दे की कागद पोचलाय."

पानं मांडून झाली होती. तेराव्याला गोड करतात, त्यावर घराचं सुतक संपतं. अक्कांनी शिरा केला होता. मोठ्या पातेल्यात साखर घातलेला, आणि बाजूला एका वाटीत, साखर घालायच्या आधी काढून ठेवलेला. त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. एका हातात ती वाटी, दुसऱ्या हातात साखरेचा डबा.

"माणसांना गोड वाढते," त्या म्हणाल्या. "पण देवाला काय दाखवू ते मला कळेना. तो असता तर त्याला विचारलं असतं. आज गोडाचा दिवस आहे. आजपासून साखर सुरू करून टाकू का? प्रकरण तुझं आहे. तू सांगशील तसं."

मी देव मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो आणि आज हे लिहितानाही मानत नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिने रोजची पूजा कधी सोडली नव्हती, पण हे प्रकरण बंद व्हायला तिलाही नको होतं, ते तिच्या डोळ्यांत मला वाचता येत होतं.

"उत्तर काही आलंय का, अक्का?" मी विचारलं.

"ना रे, बाबा. आलं असतं तर अनवाणी धावत आला असता तुझ्याकडे."

"मग नको," मी म्हणालो. "आधी उत्तर येऊ दे."

अक्कांनी मान हलवली, साखरेचा डबा माझ्या बायकोच्या हातात दिला, आणि ती वाटी तशीच देवापुढे नेऊन ठेवली.